मेव्हॅलोनेट नाही, मग बॅक्टेरिया आयसोप्रेनॉइड बनवतात कशापासून?

प्रश्न: आमच्या जुन्या पुस्तकात सगळे आयसोप्रेनॉइड (पाच कार्बनच्या विटा जोडून बनणारी रसायनं) मेव्हॅलोनेट या रसायनापासून बनतात असं छापलंय, पण सर म्हणाले ई. कोलाय तसं करतच नाही. खरं कोणाचं?

उत्तर: सरांचंच. तुमचं पुस्तक बहुतेक १९९० च्या आधीचं असणार, कारण मिशेल रोमर यांच्या गटाने १९९३ मध्ये दुसरा रस्ता असल्याचं दाखवलं. सुरुवात होते पायरुव्हेट आणि ग्लिसराल्डिहाइड फॉस्फेटपासून, डीएक्सएस एन्झाइम त्यांना जोडतं, त्यात एक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि हातात येतं पाच कार्बनचं डीएक्सपी हे रसायन. मग डीएक्सआर हे पुढचं एन्झाइम त्याचा सांगाडाच फिरवून एमईपी करतं, फॉस्मिडोमायसिन हे औषध नेमकं या एन्झाइमलाच अडवतं. मधले तीन टप्पे पटकन उरकतो, सायटिडीन चिकटतं, एक फॉस्फेट लागतो, मग सायटिडीन मोनोफॉस्फेट सुटून जातं आणि रिंगवालं एमईसीपीपी उरतं.

खरी गंमत शेवटी आहे. आयएसपीजी आणि आयएसपीएच या शेवटच्या दोन एन्झाइमांच्या पोटात चार लोखंड-चार गंधकाचा गठ्ठा असतो, तो ऑक्सिजन लागला की बिघडतो, म्हणून यांच्यावर काम करणारे हवाबंद पेटीत हात घालून बसतात (कंटाळवाणं काम!). आयएसपीएच एकाच दमात आयपीपी आणि डीएमएपीपी या पाच कार्बनच्या दोन्ही विटा देतं, साधारण पाचास एक.

आणि हो, सगळेच बॅक्टेरिया असे नाहीत बरं का, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्यासारखंच मेव्हॅलोनेट वापरतो, त्यामुळे फॉस्मिडोमायसिनचा त्याच्यावर काही उपयोग नाही.