पीक दोन, वजन एकच, कॉलम गेला का?

प्रश्न: ताई, मी बडोद्याचा, घर दांडिया बाजारात. एमएस्सी झाली, आता एका बायोसिमिलर (मूळ बायोलॉजिक औषधासारखंच औषध बनवणाऱ्या) कंपनीत क्यूसीला, म्हणजे क्वालिटी तपासायला, ट्रेनी आहे. अँटिबॉडीवरची साखर बघतो, म्हणजे पीएनगेज एफ ह्या एन्झाइमने ग्लायकॅन (साखरेच्या साखळ्या) सोडवायचे, टू-एबी हा चमकणारा टॅग लावायचा आणि हिलिकवर, म्हणजे त्यांना वेगळं करणाऱ्या कॉलमवर, टाकायचं. जी वन एफ, म्हणजे एकच गॅलॅक्टोज असलेल्या ग्लायकॅनच्या जागी ग्राफवर दोन पीक (उंचवटे) येतात आणि मासमध्ये, म्हणजे रेणूचं वजन मोजणाऱ्या मशीनमध्ये, दोघांचं वजन सेम. सिनियर नुसते हसतात, म्हणतात शोध. कॉलम गेलाय का? आणि आई विचारते, साखर असलेलं इंजेक्शन डायबिटीसवाल्यांना चालतं का?

उत्तर: अरे, कॉलम काढू नकोस, महाग असतो तो! आधी जी झिरो एफ (गॅलॅक्टोज नसलेला) आणि जी टू एफ (दोन असलेला) ह्यांचे पीक बघ. ते एकेकटे, टोकदार येतायत ना? मग कॉलम ठीक आहे, तो बिघडला असता तर सगळेच फाटले असते, एकट्या जी वन एफशी त्याचं वैर कशाला असेल.

ह्या ग्लायकॅनला दोन हात असतात, एक अल्फा १,६ जोडणीचा आणि एक अल्फा १,३ जोडणीचा. जी वन एफमध्ये गॅलॅक्टोज एकच, ते ह्या हातावर बसेल नाहीतर त्या. तू खंडेराव मार्केटमधून भाजीची पिशवी डाव्या हातात आण की उजव्या, काट्यावर उभा राहिलास तर वजन तेवढंच भरणार ना! मासला फक्त जी झिरो एफपेक्षा १६२ डाल्टन जास्त एवढंच कळतं, पण हिलिकच्या कॉलमवर पाण्याचा पातळ थर असतो, त्यात साखर कशी शिरते ते आकारावर ठरतं, म्हणून ६ च्या हातावालं आधी निघतं आणि ३ वालं मागून. म्हणून तर दोन्ही मशीन लागतात, एकावर भरवसा ठेवून रिपोर्ट लिहिलास की फसलास.

खात्री करायचीय तर थोड्या सॅम्पलला बीटा-गॅलॅक्टोसिडेज, म्हणजे गॅलॅक्टोज कापणारं एन्झाइम, लाव. दोन्ही पीक गायब होऊन जी झिरो एफमध्ये जाऊन बसले की तो प्रिंट सिनियरपुढे ठेव, मग बघू कोण हसतं.

आईला सांग, अँटिबॉडीच्या वजनात ही साखर २-३ टक्के, म्हणजे ५०० मिलिग्रॅम औषधात जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम, चहाच्या चमच्यात त्याच्या कित्येक पट जाते. आणि ती प्रोटीनला घट्ट चिकटलेली असते, सुटी नसते.

हो, आणि एक राहिलं. सॅम्पल नुसत्या पाण्यात घोळून इंजेक्ट करत नाहीस ना? हिलिकला ते अजिबात चालत नाही, ॲसिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट भरपूर ठेव, नाहीतर खरोखरचे फाटके पीक येतील आणि तेव्हा मात्र मला पत्र लिहू नकोस.