रानातल्या विष्ठेतले जंत: वाचकांचे प्रश्न

लांडग्याच्या विष्ठेत तांदळाएवढे पांढरे तुकडे दिसले. तो आजारी असेल का?

ते बहुधा पट्टकृमीचे, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताचे, सुटलेले खंड आहेत. शिकारीच्या मांसातून आणि आतड्या-काळजातून हे कृमी लांडग्या-कोल्ह्यांच्या पोटात जायचेच. धडधाकट, पोटभर खाणाऱ्या प्रौढाला ते सहसा जाणवतही नाहीत. उपासमार, खरूज किंवा डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाची जोड मिळाली, तर मात्र तेच ओझे जड होते.

मग पिल्लांचे काय?

खरी झळ त्यांनाच बसते. टोक्सोकारा या गोलकृमीच्या अळ्या मादीच्या शरीरात सुप्त पडून असतात. गाभणपणात त्या जाग्या होतात आणि नाळेतून गर्भात शिरतात. म्हणजे पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येते. पोट फुगते, वाढ खुंटते, कधी कृमींच्या गुंत्याने आतडेच तुंबते. हूकवर्म हे आतड्यातले जंत रक्त पितात, त्यामुळे लहानग्यांना पंडुरोग होतो.

अभ्यासासाठी विष्ठा गोळा करतो. हातमोजे पुरेत ना?

नाही. एकिनोकॉकस हा पट्टकृमी जेमतेम काही मिलिमीटरचा, सहज नजरेसही पडत नाही. त्याची अंडी बाहेर पडताक्षणी संसर्गक्षम असतात, सूक्ष्मदर्शकाखाली टीनिया या दुसऱ्या पट्टकृमीच्या अंड्यांसारखीच दिसतात आणि अल्कोहोलला दाद देत नाहीत. माणसाच्या यकृतात-फुप्फुसांत त्यांच्यापासून होणाऱ्या गाठी वर्षानुवर्षे गुपचूप वाढतात. नमुने हाताळण्याआधी उणे ८० अंश सेल्सिअसला काही दिवस गोठवावेत. घरच्या फ्रीजरचा इथे उपयोग नाही. विष्ठा जुनी, म्हणून निर्धोक, हा समजही सोडा. टोक्सोकाराची अंडी तर मातीत दोनेक आठवडे पिकल्यावरच संसर्गक्षम होतात. कोरडी विष्ठा कुस्करताना मास्क लावा.

आणि एका नमुन्यात अंडी नाहीत म्हणून प्राणी जंतमुक्त ठरवू नका. अंडी रोज पडत नाहीत. उलट, भक्ष्याच्या पोटातली अंडीही विष्ठेत उतरतात आणि भलताच निष्कर्ष निघतो.

पाणवठ्यावर जंतनाशक औषध ठेवावे का?

मुळीच नको. कोणी किती खाल्ले ते कळत नाही, आणि पुढच्या शिकारीबरोबर जंत परत येतात. जर्मनी आणि जपानमध्ये खोकडांसाठी प्राझिक्वांटेल या पट्टकृमीनाशक औषधाची आमिषे टाकली गेली, पण ती माणसांना होणारा एकिनोकॉकसचा संसर्ग रोखण्यासाठी. तीही पुन्हा पुन्हा टाकावी लागतात.

माझा कुत्रा सोबत रानात येतो.

त्याला मेलेल्या जनावराचे काळीज, फुप्फुसे खाऊ देऊ नका. पट्टकृमीवरचे औषध किती दिवसांनी द्यायचे ते पशुवैद्याकडून ठरवून घ्या. विष्ठेत लोळून आला, तर हातमोजे घालून आधी त्याला आंघोळ घाला.