‘टू मीट’ की ‘टू मीटिंग’?

प्रश्न: मी पतसंस्थेत पत्रव्यवहार पाहते. शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिलं, तर साहेबांनी ‘मीटिंग’ केलं. ‘टू’नंतर मूळ क्रियापदच येतं ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर: साहेब बरोबर आहेत, ताई. शाळेत आपण ‘टू गो, टू ईट’ घोकलं, तिथेच ही गाठ बसते. इथला ‘टू’ शब्दयोगी अव्यय आहे. त्यापुढे नाम किंवा ‘-इंग’वालं रूप हवं. पुढे ‘इट’ (it, म्हणजे ‘ते’; खाण्याचं ‘ईट’ नव्हे) घालून बघा: ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’. चाललं? मग ‘मीटिंग’च. ‘आय वॉन्ट टू इट’ चालत नाही, म्हणून तिथे ‘टू मीट’. ‘आय अ‍ॅम लुकिंग’ जरा घरगुती. संस्थेच्या पत्राला ‘आय लुक’ शोभतं. थकबाकीच्या नोटिशीत मात्र हे वाक्य मी घालणार नाही. त्यात आनंदाने वाट पाहणं आहे!