जीआर८६ आणि बीआरझेड यांच्या चालण्यात खरोखर फरक आहे का?

टोयोटा जीआर८६ आणि सुबारू बीआरझेड या दोन छोट्या स्पोर्ट्स कार मुळात एकच गाडी असतील, तर चालवताना फरक जाणवतो का, असे तुम्ही विचारले आहे. जाणवतो, पण रोजच्या रस्त्यावर नव्हे. न्यू जर्सीत माझ्याकडे दोन वर्षांपासून बीआरझेड आहे आणि एका मित्राची जीआर८६ मी बऱ्याचदा चालवली आहे. दोन्हींना मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ हेच टायर असल्यामुळे तुलना रास्त झाली, असे मला वाटते.

दोन्ही गाड्या जपानमध्ये सुबारूच्याच गुन्मा येथील कारखान्यात तयार होतात. २.४ लिटरचे बॉक्सर (समोरासमोर आडवे सिलिंडर असलेले) इंजिन आणि मागच्या दोन चाकांत इंजिनाची ताकद वाटून देणारे टॉर्सन डिफरन्शियलही तेच. वेगळेपण आहे ते सस्पेन्शनमध्ये. बीआरझेडच्या पुढच्या स्प्रिंगची कडकपणाची पातळी ३० आणि मागच्या स्प्रिंगची ३५ न्यूटन प्रति मिलिमीटर आहे. टोयोटाने पुढची २८ वर उतरवली आणि मागची ३९ वर नेली. आकडे किरकोळ वाटतात, पण वळणावर गाडी कलते तेव्हा पुढचा आणि मागचा यांपैकी जो भाग तुलनेने अधिक कडक, त्याच्या बाहेरच्या टायरवर जादा भार येतो आणि त्याची पकड आधी सुटू लागते. म्हणून जीआर८६चे नाक चटकन आत वळते आणि मागचा भाग लवकर सुटतो.

गेल्या ऑक्टोबरात, पावसाने ओल्या झालेल्या मोकळ्या पार्किंगमध्ये नारिंगी प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, मांडून ऑटोक्रॉस (त्यांच्यामधून एकेका गाडीने वेळ लावून धावण्याची स्पर्धा) भरली होती, तेव्हा आम्ही गाड्यांची अदलाबदल केली. दुसऱ्या गिअरमधल्या एका अरुंद वळणावर मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय किंचित उचलला मात्र, जीआर८६चा मागचा भाग असा सरकला की स्टिअरिंग उलटे फिरवेपर्यंत एक कोन आडवा झाला होता. त्याच जागी तीच चूक बीआरझेडमध्ये केली, तर ती मुकाट्याने वळली. मित्राला मात्र माझी गाडी कंटाळवाणी वाटली. त्याच्या मते ती प्रत्येक वळणाआधी परवानगी मागते.

पुढच्या चाकांचे नकल (चाक सस्पेन्शनला जोडणारे भाग) सुबारूत अ‍ॅल्युमिनियमचे आणि टोयोटात पोलादी आहेत, यावर लोक हिरिरीने भांडतात. मला तो फरक आजवर हाताला जाणवलेला नाही. टायरचा मात्र नक्की जाणवतो. जीआर८६च्या स्वस्त श्रेणीत १७ इंची चाकांवर मिशेलिन प्रायमसी येतात, बीआरझेडच्या स्वस्त श्रेणीतही पूर्वी येत, आणि त्यांची पकड इतकी कमी आहे की त्यांवरची बीआरझेडसुद्धा ओल्या रस्त्यावर सहज घसरते. तेव्हा शोरूममध्ये चाचणी घेताना आधी दोन्ही गाड्यांचे टायर वाकून पाहा.