शाळेच्या सुट्टीत चर्चच्या गटाबरोबर मुलीला बालगृहात सेवेसाठी पाठवावं का?

सेवेसाठी जरूर पाठवा, बालगृहात पाठवू नका.

तुम्ही लिहिलंय की मुलगी नववीत आहे, चर्चचा तरुण संघ सुट्टीत दहा दिवस एका बालगृहात जाणार आहे, मुलांना गाणी-खेळ शिकवायचे, भिंती रंगवायच्या, आणि तिची तयारी काय करून घ्यावी हे तुम्हाला विचारायचंय. तयारीचं नंतर सांगते. आधी ती ज्यांच्याकडे जाणार आहे त्यांच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं, आणि मी त्या बाजूची आहे.

वडील गेल्यावर आईने मला आणि दादाला मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं. आम्ही अनाथ नव्हतो. तिथली बहुतेक मुलं अनाथ नव्हती. कुणाची आई होती, कुणाचे आजी-आजोबा होते, घरात खाणारी तोंडं जास्त आणि कमावणारं कुणी नाही, एवढंच. वर्षभर आम्ही एकाच गोष्टीची वाट बघायचो: सुट्टी लागली की घरी जायचं.

आणि पाहुण्यांचे गट नेमके सुट्टीतच यायचे, कारण त्यांच्या मुलांच्या शाळाही तेव्हाच बंद असायच्या. पाहुणे येणार म्हणजे बोर्डिंगात मुलं हवीत. मग आमच्यातल्या काहींना थांबवून घ्यायचे. ज्यांना गाता येतं, जी धीटपणे बोलतात, अशांना. मला गाता यायचं.

एका सुट्टीत आई न्यायला आली. मला थांबवून घेतलंय हा निरोप तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मेट्रनबाईंनी तिला फाटकाजवळच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, पाहुणे गेले की पाठवू, तुम्ही आता निघा. आई निघाली नाही, तिथेच बसून राहिली. त्या दुपारी प्रार्थनागृहात आमचा कार्यक्रम होता. गाणी झाली आणि मला साक्ष द्यायला उभं केलं. आम्हा मुलांच्या साक्षीचा क्रम ठरलेला असायचा: आधी दुःख, मग प्रभूने कसं उचलून धरलं ते, मग पाहुण्यांचे आभार. माझे वडील कसे वारले ते मला सांगायचं होतं. पाहुण्यांना आमची भाषा येत नव्हती, म्हणून एक ताई शेजारी उभ्या राहून प्रत्येक वाक्य त्यांच्या भाषेत सांगायच्या. मी एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. माझं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचून चेहरे बदलले की पुढचं वाक्य. वडील दवाखान्यात गेले, थांबा. रात्री वारले, थांबा. पुढच्या रांगेतली, माझ्याहून थोडीच मोठी असलेली एक मुलगी रडायला लागली आणि तिच्या मैत्रिणींनी तिला जवळ घेतलं. मला खिडकीतून बाकाचं टोक आणि त्यावरची आईची पिशवी दिसत होती. पाठ करून घेतलेल्या साक्षीत आईचं नाव नव्हतं, बाईंनी ते वाक्य आधीच काढायला लावलं होतं.

ती रडणारी मुलगी मनाने चांगली होती, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. उरलेले दिवस ती रोज माझे केस विंचरायची, लहानांना मांडीवर घ्यायची. मग त्यांची बस गेली. त्या रात्री चार-पाच वर्षांची पोरं झोपेनात, तिचं नाव घेऊन रडत होती, आणि त्यांना थोपटायला आम्ही मोठ्या मुली होतो. पुढच्या सुट्टीत दुसरा गट, दुसरी ताई, पुन्हा तीच माया आणि पुन्हा तेच रडणं. लहान मुलाला सतत नवी माणसं लळा लावून निघून जातात याचा काय परिणाम होतो हे मला कुठल्या मानसशास्त्रज्ञाने सांगायची गरज नाही.

हे एकट्या आमच्या बोर्डिंगापुरतं असतं तर मी लिहिलं नसतं. जगभरात अनाथालयांत ठेवलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. 2010 च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला, त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट चर्चच्या दहा जणांना 33 मुलं कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेताना पकडलं. अनाथ म्हणून नेलेल्या त्या मुलांपैकी अनेकांचे आईवडील जिवंत निघाले. 2019 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीचा स्पष्ट उल्लेख केला आणि ती रोखायला सरकारांना सांगितलं. पाहुणे आणि देणग्या येत राहिल्या की खाटा भरलेल्या ठेवाव्या लागतात, आणि ज्या आईला थोड्या मदतीवर मूल घरी सांभाळता आलं असतं तिचंही मूल संस्थेत येतं. चर्चमध्ये हे बोललं की लोकांना राग येतो. मी चर्चमध्येच बोलते. मी ख्रिस्ती आहे, दर रविवारी उपासनेला जाते, आणि माझा विश्वास त्याच बोर्डिंगात रुजला हेही सांगते.

आता दादा. दादाही तिथेच वाढला आणि आज तो स्वतः तरुण संघाच्या मुलांना दर सुट्टीत अशा ठिकाणी घेऊन जातो. त्याचं म्हणणं, “पाहुणे आले म्हणूनच मी शिकलो.” हे खरं आहे. एका गटातल्या गृहस्थांना तो आवडला आणि त्यांनी त्याच्या कॉलेजची फी भरली. पण त्यांनी फी भरली ती घरी परतल्यावर, आणि एका दादाची भरली. त्याच्याबरोबरच्या, तितक्याच हुशार पण गप्प बसणाऱ्या मुलांची कुणी भरली नाही, कारण ती पाहुण्यांच्या नजरेत भरली नाहीत. मदत कुणाला मिळणार हे दहा दिवसांतल्या आवडीवर ठरावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

दादा म्हणतो, “निदान जाणारी मुलं तरी बदलतात, पुढे आयुष्यभर देणारी होतात.” त्यावर मी त्याला दर वेळी होंडुरासचं सांगते. 1998 च्या मिच वादळानंतर तिथे अनेक ख्रिस्ती गट घरं बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. ते केल्विन या ख्रिस्ती विद्यापीठातले, म्हणजे आपल्यातलेच. प्रवासखर्च धरून पाहुण्यांचं एक घर सुमारे 30,000 डॉलरला पडलं, तेच घर स्थानिक ख्रिस्ती संस्था 2,000 डॉलरच्या आसपास बांधत होती. घर मिळालेल्या कुटुंबांच्या आयुष्यात मात्र कुणी बांधलं यावरून फरक पडलेला दिसला नाही, आणि जाऊन आलेल्यांच्या देण्यातही पुढे मोठी वाढ दिसली नाही. दादा हे ऐकतो, मान हलवतो आणि पुढच्या सुट्टीची यादी काढतो.

मी सगळ्याच पाहुण्यांच्या विरुद्ध नाही. एका गटाबरोबर एक वयस्कर प्लंबर आले होते. ते कार्यक्रमात बसले नाहीत, साक्षी ऐकल्या नाहीत. आमचा हापसा महिनोन्महिने हवा ओढत होता. त्यांनी वॉचमनमामांना हाताशी घेतलं, दांडा काढला, झिजलेला वॉशर मामांच्या तळहातावर ठेवून कुठे फाटलाय ते दाखवलं. नवा वॉशर बसवला, पुन्हा काढला, आणि मामांकडून बसवून घेतला. मामांना जमेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. पुढे हापसा बिघडला की मामाच दुरुस्त करायचे. आमच्या सगळ्या भिंती वर्षावर्षाला रंगल्या, उपयोगाचं काम मात्र हे.

तर तयारी. पाळकांना तीन गोष्टी विचारा. या मुलांना त्या सुट्टीत घरी जायला मिळतंय की आपल्यासाठी थांबवलंय? तिथल्या लोकांनी नेमकं कुठलं काम मागितलंय, आणि ते काम तिथल्याच माणसाला मजुरी देऊन होण्यासारखं आहे का? मुलांना साक्ष द्यायला लावणार का? पहिल्याचं उत्तर “थांबवलंय” असेल तर बेत मोडा. मोडता येत नसेल तर मुलीला त्यातून काढा आणि प्रवासाचे पैसे मुलांना घरी जायला भाड्यासाठी पाठवा, मेट्रनच्या हाती न देता शक्य असेल तिथे थेट आईबापांकडे. सेवाच करायची तर लहान मुलांमध्ये नाही, मोठ्या माणसांसाठी काम आहे अशी जागा शोधा: आपत्तीनंतरचा मलबा उपसणं, वृद्धाश्रमातलं स्वयंपाकघर, दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणं. डॉक्टर-नर्सच्या गटांचं मी इथे बोलत नाहीये, त्यांचं काम वेगळं. आणि सगळी बालगृहं आमच्यासारखी चालतात असंही नाही. चांगली चालवणारे स्वतःच सांगतात की नववीतल्या मुलांचा गट आणू नका.

एवढं सगळं ऐकूनही ती गेलीच, तर फोन तिच्या बॅगेतच राहू दे. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, कुणाला “मी परत येईन” म्हणायचं नाही, आणि फाटकाजवळ कुणाची आई बसलेली दिसली तर आधी तिच्याशी जाऊन बोलायचं.