बेळगावात मुलीला चांगल्या शाळेत घालायचं आहे, तयारी कधीपासून करावी?

तुमची मुलगी नोव्हेंबर २०२३ ची, जन्म आजोळी महाराष्ट्रात गडहिंग्लजला, घर बेळगावजवळ हिंडलग्यात. पहिलीच्या प्रवेशाची तयारी कधी सुरू करायची आणि मुलाखतीसाठी क्लास लावायचा का, असं तुम्ही विचारलंय.

खरी चढाओढ पहिलीला नसतेच. ज्या शाळांसाठी बेळगावात पालकांची धावपळ होते, तिथे नर्सरी-एलकेजीतली मुलंच वर सरकत पहिलीत जातात. बाहेरच्याला पहिलीत जागा मिळते ती कुणी शाळा सोडली तरच. म्हणून पहिलीचं वर्ष धरून मागे मोजत या.

मोजताना कर्नाटकाचा नियम धरा. इथे १ जूनला एलकेजीसाठी ४, युकेजीसाठी ५ आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण लागतात. महाराष्ट्रात वय ३१ डिसेंबरपर्यंत धरतात. त्यामुळे गडहिंग्लजची मंडळी सांगतील की पोरगी जून २०२९ ला पहिलीत बसेल. तिथे बसेलही, पण इथे जून २०३०. म्हणजे नर्सरी २०२७, एलकेजी २०२८, युकेजी २०२९. वर्षभर आधी नर्सरीत घेणारे भेटतात, अडतं ते पुढे: युकेजी संपते, वय भरत नाही आणि मुलीला तोच वर्ग पुन्हा करावा लागतो. २०२५-२६ मध्ये सरकारने पहिलीसाठी पाच वर्षं पाच महिन्यांची सवलत दिली होती, पण ती त्याच वर्षापुरती. तिच्या भरवशावर राहू नका. वर्ष वाचवायला सीमेपलीकडच्या शाळेत घालायचा विचार असेल तर हेही बघा: कर्नाटकाच्या सीईटीला, म्हणजे बारावीनंतरच्या इंजिनिअरिंगसारख्या कोर्सच्या प्रवेश परीक्षेला, बहुतेक मुलं ज्या अटीत बसतात, त्यात पहिली ते बारावीमधली किमान सात वर्षं राज्यात शिकलेली लागतात.

फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, काही शाळांचे त्याआधीच. दिवाळी झाली की शाळेच्या ऑफिसात स्वतः जाऊन तारीख विचारा, फोनवर नीट कळत नाही.

सगळ्यात आधी हातात घ्या तो जन्मदाखला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी वयाचा पुरावा म्हणून तोच धरला जातो. महाराष्ट्रातला दाखला इथे चालतो, त्याची काळजी नको. अडचण असते ती कोऱ्या रकान्याची. दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून बाळाच्या नावाची जागा रिकामी राहते. ते नाव जिथे जन्माची नोंद आहे तिथेच, म्हणजे गडहिंग्लजलाच चढवावं लागतं. बेळगाव महापालिकेत होत नाही. वर्षाच्या आत फुकट, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. आईचं नाव दाखल्यावर सासरचं आणि आधारवर माहेरचं, असा घोळ तर घरोघरी. तो आधी निस्तरा आणि मगच मुलीचं आधार काढा.

नाव पुढे शाळेच्या एसएटीएस नोंदीत (राज्य सरकारची विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद) जातं आणि तिथून दहावीपर्यंत सोबत राहतं. इंग्रजी स्पेलिंग बघून कन्नडमध्ये टाइप करताना त-ट, द-ड, ल-ळ यांची हमखास अदलाबदल होते. फॉर्मसोबत मुलीचं, आईचं, वडिलांचं नाव आणि आडनाव कन्नडमध्ये लिहून द्या आणि नोंद झाल्यावर स्वतः वाचून घ्या. पहिल्या वर्षी दुरुस्ती सोपी असते, नंतर बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी ऑफिसच्या चकरा.

मुलाखतीचा क्लास लावू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मुलाची किंवा पालकांची चाळणी घेता येत नाही. दंड पहिल्यांदा २५ हजार, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. देणगी घेतली तर दंड तिच्या दहापटीपर्यंत. मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे अल्पसंख्याक दर्जाच्या शाळा या कायद्याबाहेर आहेत आणि त्यांत नावाजलेल्या शाळाही येतात. भेटीत तीन-साडेतीन वर्षांच्या पोरीकडून काय बघणार? आईला सोडून थोडा वेळ बसते का, नाव सांगते का, शू आली तर सांगते का. हे घरीच होतं. पाठ केलेल्या इंग्रजी कविता पोरं अनोळखी खोलीत विसरतात आणि रडतात.

शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांवर फार आशा ठेवू नका. २०१९-२० पासून कर्नाटकात जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत ती जागा मिळत नाही. केंद्रीय विद्यालयात मात्र पहिलीला सोडत निघते. तिथे वय ३१ मार्चला ६ पूर्ण लागतं, म्हणजे तुमच्यासाठी २०३०. केंद्र सरकारी आणि लष्करी नोकरदारांच्या मुलांना आधी प्राधान्य असतं.

पैसे भरण्याआधी शाळेचा अकरा आकडी यूडायस कोड (देशातल्या प्रत्येक शाळेला मिळणारा सरकारी क्रमांक) मागा. कर्नाटकात तो २९ ने सुरू होतो. त्यावरून मान्यता कुठल्या माध्यमाची आणि कुठल्या बोर्डाची ते बघा. फलकावर सीबीएसई आणि मान्यता राज्य अभ्यासक्रमाची, असे प्रकार राज्यात झालेले आहेत. २०१५ च्या कायद्याने कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सगळीकडे आहेच, तेव्हा आतापासून शेजारच्या कन्नड मुलांत खेळू द्या. मराठी शिकवतात का, कितवीपासून, हे स्पष्ट विचारा. माझ्या मते तुमच्यासारख्या घरात हा प्रश्न निकालाच्या टक्क्यांपेक्षा मोठा आहे.

अंतर जुलैच्या पावसात मोजा. हिंडलग्याहून टिळकवाडीला पोचायचं तर लहान मुलगी रिक्षात सगळ्यांत आधी चढते आणि सगळ्यांत शेवटी उतरते. रिक्षामामांना विचारा, पहिलं पोर किती वाजता घेता. त्यावरून तिला पहाटे किती वाजता उठवावं लागेल ते कळेल.