जठरातील जिस्टच्या शस्त्रक्रियेनंतर औषध दिले नाही, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

तुम्ही लिहिले आहे की वडिलांचे वय ६१ आहे, जठरावरील सहा सेंटिमीटरची गाठ महिन्यापूर्वी काढली, हिस्टोपॅथॉलॉजीच्या अहवालात गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, म्हणजेच जिस्ट, असे निदान आले आणि पेशीविभाजनाचा आकडा 'पन्नास फील्डमध्ये तीन' (सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या पन्नास भागांत मिळून विभागणाऱ्या तीन पेशी) असा आहे. डॉक्टरांनी केमो दिली नाही, गोळीही दिली नाही, फक्त सहा महिन्यांनी सीटी स्कॅन करून या असे सांगितले. त्यातच नात्यातील एका जाणत्या गृहस्थांनी 'जठराचा कर्करोग म्हणजे जेमतेम दोन वर्षे' असे सुनावल्यामुळे घरात सगळ्यांचा समज झाला आहे की आता करण्यासारखे काही उरले नाही म्हणूनच औषध दिले नाही. मी डॉक्टर नाही. परंतु याच आजाराची रुग्ण म्हणून अकरा वर्षे काढली आहेत, आणि तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला नेमके उलटे दिसते.

आधी त्या गृहस्थांच्या दोन वर्षांचा निकाल लावू. जठराचा जो कर्करोग सर्वांना ठाऊक आहे तो आतल्या अस्तरात सुरू होतो आणि त्याचे आकडे खरोखरच वाईट असतात. जिस्ट अस्तरात होत नाही. अन्न पुढे सरकवणाऱ्या हालचालींचा ठेका ज्या पेशी धरतात, त्या पेशींशी नाते असलेली ही गाठ अन्नमार्गाच्या भिंतीत वाढते. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला दहा ते पंधरा जणांना ती होते, त्यामुळे नात्यागोत्यात कोणी पाहिलेली नसते आणि जो तो ओळखीच्या रोगाचे आकडे तिला चिकटवतो. 'जठराचा एवढासाच तुकडा का काढला, आजूबाजूच्या लसिकाग्रंथी का काढल्या नाहीत' असेही तुम्ही विचारले आहे. प्रौढांमधील जिस्ट लसिकाग्रंथींत क्वचितच पसरते, म्हणून गाठ अखंड आणि कडा मोकळ्या ठेवून काढणे हीच तिची पूर्ण शस्त्रक्रिया असते. ग्रंथी न काढणे ही त्यातली कसर नव्हे.

आता मुख्य मुद्दा. या आजारात शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य ठरते ते गाठ कोठे होती, केवढी होती, तिच्या पेशी किती वेगाने विभागत होत्या आणि ती पोटात फुटली होती का, यांवर. अमेरिकेतील आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट ऑफ पॅथॉलॉजी या संस्थेतील तज्ज्ञांनी, या आजारावरील इमॅटिनिब या गोळीचा शोध लागण्यापूर्वी ज्यांच्यावर केवळ शस्त्रक्रिया झाली होती अशा शेकडो रुग्णांची अनेक वर्षांची नोंद तपासून २००६ मध्ये एक तक्ता मांडला, जो आजही वापरात आहे. जठरातील गाठ, आकार पाच ते दहा सेंटिमीटर, विभाजन पन्नास फील्डमध्ये पाच किंवा त्याहून कमी, हा झाला तुमच्या वडिलांचा रकाना. त्यात आजार पसरण्याचे किंवा त्याने मृत्यू येण्याचे प्रमाण ३.६ टक्के आहे, तेही कोणत्याही औषधाविना. माझी गाठ लहान आतड्यात होती, सात सेंटिमीटरची, विभाजन पन्नास फील्डमध्ये नऊ. माझ्या रकान्यात ८५ टक्के लिहिले आहे. दोन्ही गाठींमध्ये एका सेंटिमीटरचे अंतर, आणि भविष्यात एवढे. म्हणून 'सहा सेंटिमीटर म्हणजे केवढी मोठी' हे वाक्य घरात कोणालाही उच्चारू देऊ नका. गोळी मला दिली गेली आणि वडिलांना दिली गेली नाही, याचे कारण या दोन आकड्यांत आहे. शंभरातील शहाण्णव जण ज्यात आपोआप सुखरूप राहतात, तेथे गोळीचे दुष्परिणाम सोसण्यात लाभ नाही.

माझे थोडे सविस्तर सांगते, कारण ज्यांचा रकाना माझ्यासारखा आहे असे लोकही हे वाचतील. वर्षभर मला थकवा होता, शौचाला डांबरासारखी काळी होत होती आणि हिमोग्लोबिन सातवर आले होते. तेवढा काळ मूळव्याधीचे औषध घेण्यात गेला. शेवटी सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली आणि डिसेंबर २०१४ मध्ये आतड्याच्या तुकड्यासह ती काढली. जानेवारीपासून इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली, ती पूर्ण तीन वर्षे. उपाशीपोटी घेतली की हमखास उलटी होई, म्हणून रात्रीच्या भाकरीनंतर मोठा पेला भरून पाण्याबरोबर घेण्याची सवय लावून घेतली. सकाळी उठल्यावर पापण्या इतक्या सुजलेल्या असत की चष्मा नाकावर नीट बसत नसे. मी तेव्हा बँकेत कॅशियर होते. नोटा मोजताना बोटांत पेटके येऊन हात तसाच आखडून राही, आणि खिडकीसमोरच्या रांगेला वाटे की बाई मुद्दाम वेळ काढत आहेत.

जानेवारी २०१८ मध्ये गोळी थांबली. सप्टेंबर २०१९ च्या नेहमीच्या स्कॅनमध्ये यकृतावर दोन लहान गाठी दिसल्या. मला काहीही त्रास नव्हता. यकृत आणि पोटातील आवरण या परत येण्याच्या तिच्या दोन नेहमीच्या जागा आहेत, आणि गोळी थांबल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे त्यासाठी सर्वांत धोक्याची असतात. तीच गोळी पुन्हा सुरू केली. तीन महिन्यांनी अहवालात 'आकार किंचित वाढला' असे वाचून माझ्या पतींनी रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म प्रकाशात धरून दाखवले की गाठी आधीपेक्षा काळसर, म्हणजे विरळ झाल्या आहेत, आणि या आजारात औषध लागू पडल्याची खूण अनेकदा आकाराआधी घनतेत दिसते. पुढे त्या आकारानेही लहान झाल्या आणि तेव्हापासून तशाच आहेत. गोळी आता कायमची आहे. पेटके आहेतच, पण निवृत्त झाल्यामुळे मोजायला नोटा नाहीत.

जुन्या काळाशी तुलना केल्याशिवाय याचे मोल कळत नाही. न्यूयॉर्कमधील मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयाने २००० मध्ये आपल्या २०० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा मूळ गाठ संपूर्ण निघालेल्यांमध्येही पाच वर्षांनी या आजारातून वाचलेले ५४ टक्के होते. पसरलेल्या आजारावर नेहमीची केमो जवळजवळ निरुपयोगी होती. १९९८ मध्ये जपानमधील सेइची हिरोता आणि सहकाऱ्यांनी या गाठींतील किट नावाच्या जनुकातील बिघाड दाखवून दिला, २००० च्या मार्चमध्ये हेलसिंकीत पहिल्या रुग्णाला त्याच बिघाडावर काम करणारे इमॅटिनिब दिले गेले, आणि पुढे शस्त्रक्रियेनंतर ते किती काळ द्यावे याची चाचणी जर्मनी, फिनलंड, नॉर्वे व स्वीडन येथील ४०० जोखमीच्या रुग्णांवर झाली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले: एक वर्ष गोळी घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी ८१.७ टक्के हयात होते, तीन वर्षे घेतलेल्यांपैकी ९२ टक्के. दहा वर्षांनी हेच आकडे ६५.३ आणि ७९ होते. लक्षात घ्या, हे जास्त जोखमीच्या लोकांचे आकडे आहेत. गाठ फुटली नसेल तर वडील त्यांत मोडतच नाहीत.

खर्चाविषयी इतरांसाठी एवढेच की मूळ कंपनीची गोळी एके काळी महिन्याला सव्वा लाखाच्या घरात जाई आणि भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीला पेटंट नाकारल्यामुळे ती स्वस्त गोळी टिकली. माझ्यासारख्या पगारदार माणसाची अकरा वर्षे त्या निकालावर उभी आहेत.

तुमच्याकडे आता काम उरते ते कागदांचे. डिस्चार्ज कार्ड नव्हे, तर शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागून घ्या आणि गाठ काढण्यापूर्वी किंवा काढताना फुटली होती का ते पाहा. फुटली असेल तर वरचा ३.६ चा आकडा विसरावा लागेल आणि गोळीचा प्रश्न डॉक्टरांपुढे नव्याने ठेवावा लागेल, कारण एवढी एकच गोष्ट तुमच्या पत्रात नाही. पेशीविभाजन मोजणे हे माणसाच्या डोळ्यांचे काम आहे, त्यामुळे स्लाइड आणि गाठीचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक घेऊन परळच्या टाटा मेमोरियलसारख्या, अशा गाठी रोज पाहणाऱ्या ठिकाणी एकदा दुसरे मत घ्यावे असे मी सुचवीन. तीनचे सात झाले तर रकाना बदलतो. ब्लॉक परत आणून कोरड्या, थंड कपाटात ठेवा. जनुकचाचणी आज लागणार नाही, पण कधी लागलीच तर ती त्या ब्लॉकवरच होईल, आणि जठरातील काही गाठींत असा बिघाड असतो की इमॅटिनिब त्यांना लागूच पडत नाही, हे गोळी सुरू करण्याआधी कळलेले बरे.

सहा महिन्यांचा स्कॅन चुकवू नका. वडिलांना जेवण थोडे-थोडे, चार-पाच वेळा द्या. आणि नोंदीत गाठ फुटल्याविषयी काय लिहिले आहे ते येथे कळवा.